घोडा धरणारा

नाताळच्या गोठ्यासाठी बांबू बांधत होतो तेव्हाच फादरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, अरे २५ जानेवारीला संत पौलाच्या परिवर्तनाचा सण आहे, या वेळी मुलं त्यावर छोटं नाटक करतायत, तर स्टेजच्या मागे लावायला एक मोठं चित्र करून दे ना, आणि हे बघ, फ्लेक्स नको, हाताने रंगवलेलं हवं. आता गंमत अशी की माझा धंदाच फ्लेक्सचा. वसई स्टेशनजवळ छोटं दुकान आहे, वाढदिवस, बारसं, भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले पुढारी, सगळं आमच्या मशीनमधून सरसर बाहेर पडतं. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, केलेलं, ते कुणीतरी फादरांच्या कानावर घातलेलं. नाही म्हणता आलं नाही. आठ बाय चारच्या दोन प्लाय आणल्या, मागून पट्ट्या मारून जोडल्या, पांढऱ्या प्राइमरचे दोन हात दिले आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर उभ्या करून ठेवल्या.

आणि मग तीन आठवडे नुसता बघत बसलो.

पहिलं स्केच केलं ते कुणीही केलं असतं तसंच. पौल गुडघ्यावर, डोळे वर, तोंड अर्धवट उघडं, वरच्या कोपऱ्यात ढग फाटलेला आणि त्यातून टॉर्च मारल्यासारखे किरण. आमच्या घरी ओटीवर जे कॅलेंडर असायचं त्यात सगळे संत असेच बघायचे, वर, डावीकडे, जणू पंख्यावर पाल बसलीय. लेकीने स्केच बघितलं, ती नववीत आहे, आणि विचारलं, "पप्पा, याची दाढ दुखतेय का?"

खरं सांगतो, हसलो पण आणि चिडलो पण. कारण बरोबर होतं तिचं. आत काहीतरी उलथंपालथं झालंय हे चेहऱ्यावर दाखवायला गेलो की माणूस एकतर आजारी दिसतो नाहीतर नाटकी. आमच्याकडे जिमवाले येतात ना, 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी शेजारी छापून घ्यायला, आधी ढेरी, नंतर सिक्स पॅक. चित्रकाराकडे ती सोय नाही. त्याला एकच चौकट. आधीचा माणूस दाखवला तर परिवर्तन झालेलं नाही, नंतरचा दाखवला तर तो कुणीही एक संत, डोक्यामागे सोन्याची ताटली. आणि मधला जो क्षण आहे तो दिसतो कसा? दिसतो का मुळात?

गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शौल नावाचा कट्टर माणूस, येशूच्या अनुयायांना घराघरातून ओढून तुरुंगात टाकणारा. तो मुख्य याजकाकडून पत्रं घेऊन दमास्कसला निघालाय, जुन्या मराठी बायबलात दिमिष्क, तिथे आणखी धरपकड करायला. वाटेत आकाशातून प्रकाश चमकतो, तो जमिनीवर पडतो, आवाज येतो, "शौला, शौला, माझा छळ का करतोस?" उठतो तर दिसत नाही. हाताला धरून त्याला गावात नेतात, तीन दिवस आंधळा, अन्नपाणी नाही. मग हनन्या नावाचा एक घाबरलेला साधा माणूस येऊन त्याच्यावर हात ठेवतो आणि डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी गळून पडतं. तोच पुढे पौल. नव्या करारातली कितीतरी पत्रं याच्या नावावर आहेत.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट ऐकली तेव्हा मला सगळ्यात आवडलेला होता तो घोडा. पौल घोड्यावरून पडला. मोठेपणी बायबलातलं प्रेषितांची कृत्ये नीट वाचलं, नववा अध्याय, तर घोडा नाहीच! कुठेच नाही. "जमिनीवर पडला" एवढंच. घोडा चित्रकारांनी आणला. शेकडो वर्षं आणत राहिले, आणि आता आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पौल घोड्यावरूनच पडतो. चित्रांची ताकद बघा.

काही वर्षांपूर्वी आम्ही चाळीसेक जण इटलीच्या यात्रेला गेलो होतो, टूरवाल्याचं नाव घेत नाही, पण प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि शॉपिंगला दीड तास असा त्याचा हिशोब. रोममध्ये पियात्सा देल पोपोलो नावाचा मोठा चौक आहे, मधे इजिप्तहून आणलेला उंच दगडी स्तंभ, तिथे ग्रुप फोटो. चौकाच्या टोकाला जुन्या वेशीला लागूनच सांता मारिया देल पोपोलो चर्च आहे, बाहेरून अगदी साधं. बाकीचे आइस्क्रीमच्या लाइनीत उभे राहिले, मी आत सटकलो, कारण एटीडीला असताना आमच्या सरांनी एका जुन्या पुस्तकातला ब्लॅक अँड व्हाइट फोटो दाखवून सांगितलेलं की कधी रोमला गेलास तर हे बघ. तेव्हा वाटलेलं, मी कुठला जातोय रोमला.

मुख्य वेदीच्या डाव्या हाताला चेराझी चॅपल. अरुंद, अंधारी खोली. पोपचा खजिनदार होता तिबेरिओ चेराझी, त्याने सप्टेंबर १६०० मध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराशी करार केला, दोन चित्रं, एक पौलाचं परिवर्तन आणि दुसरं पेत्राला क्रुसावर उलटं टांगतात ते, करारात लिहिलेलं की सरूच्या लाकडाच्या फळ्यांवर रंगवायची, मोबदला ४०० स्कुदी, म्हणजे तिथली तेव्हाची नाणी. समोरच्या वेदीवरचं चित्र आनिबाले कार्राचीकडे. म्हणजे त्या वेळच्या रोममधले दोन स्टार एकाच खोलीत. चेराझी स्वतः १६०१ च्या मे महिन्यात वारला, चित्रं लागलेली त्याने बघितलीच नाहीत.

चॅपलच्या बाहेर पेटी असते, नाणं टाकलं की लाइट लागतो, थोड्या वेळाने आपोआप बंद. आपल्याकडे स्टेशनवर वजनाचं मशीन असायचं तसा प्रकार. मी नाणं टाकलं. लाइट लागला.

पहिल्यांदा दिसला तो घोडा. नुसता घोडा. चित्राचा निम्म्याहून जास्त भाग घोड्याने व्यापलाय, तपकिरी-पांढरा ठिपक्याठिपक्यांचा, टांग्याला जुंपतात तसा दणकट, आणि त्याचा पार्श्वभाग चकाकतोय. मान खाली घातलेली. खाली जमिनीवर एक तरुण पोरगा पाठीवर पडलाय, दाढी नाही, काही नाही, रोमन शिपायाचं चिलखत, खाली लाल अंगरखा पसरलेला, तलवार बाजूला, शिरस्त्राण निसटलेलं. त्याचं डोकं आपल्याकडे आणि पाय आत, त्यामुळे वाटतं की अजून जरा सरकला तर चौकटीतून बाहेर आपल्या पायाशी पडेल. दोन्ही हात वर, पसरलेले. लहान बाळ कडेवर घे म्हणून हात करतं ना, तसे. आणि डोळे मिटलेले.

देव नाही. ढग नाही, देवदूत नाही, किरणसुद्धा नाहीत. प्रकाश आहे पण तो कुठूनसा वरून येतोय आणि पौलाच्या छातीवर, हातांवर आणि घोड्याच्या कातडीवर सांडलाय. बाकी सगळा काळोख.

आणि एक गोष्ट फोटोत मला कधी दिसली नव्हती ती तिथे दिसली. घोड्याने पुढचा एक पाय उचलून धरलाय. खाली माणूस पडलाय म्हणून. त्या खुराच्या आणि पौलाच्या अंगाच्या मधे जी रिकामी जागा आहे ना, सगळं चित्र तिथे अडकलंय असं मला वाटलं. जनावराला कळलंय की इथे पाय ठेवायचा नाही.

मग लाइट गेला.

दुसरं नाणं शोधलं, पाकिटात होतं ते मोठं होतं की लहान आठवत नाही, पेटीने घेतलं एवढं खरं. या वेळी मी तिसऱ्याला बघितलं. उजवीकडे, घोड्याच्या मानेमागे एक म्हातारा उभा आहे. मोतद्दार. टक्कल पडलेलं कपाळ, त्यावर आठ्या, हातात लगाम. त्याचे पाय घोड्याच्या पायांमागे असे उभे आहेत की पटकन मोजायला गेलं तर घोड्यालाच पाच-सहा पाय असल्यासारखं वाटतं. आणि तो काय करतोय? घोडा सांभाळतोय. बस्स. जगाच्या इतिहासातली एक मोठी घटना त्याच्यापासून चार फुटांवर घडतेय आणि हा माणूस लगाम धरून घोडा बिथरू नये एवढंच बघतोय.

बाहेर आलो तेव्हा ग्रुप बसमध्ये बसलेला, टूरवाला लाल झालेला. मी काय बघून आलो ते बायकोला सांगायचा प्रयत्न केला, ती म्हणाली, घोडा?

घरी आल्यावर मात्र मी या चित्राच्या मागे लागलो. काराव्हाज्जोचं या विषयावरचं हे दुसरं चित्र आहे. पहिलं त्याने करारातल्याप्रमाणे लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, ते आजही रोममध्येच एका खाजगी संग्रहात आहे, ओदेस्काल्की बाल्बी यांच्याकडे. त्यात सगळं आहे जे माझ्या स्केचमध्ये होतं आणि वर आणखी. येशू वरून झेपावतोय, देवदूत त्याला धरतोय, घोडा उधळलाय, म्हातारा शिपाई भाला आणि ढाल घेऊन ओरडतोय, आणि दाढीवाला पौल दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून वेडावाकडा पडलाय. नुसता कल्ला. जोव्हान्नी बाल्योने नावाच्या त्याच्याच काळातल्या चित्रकाराने लिहून ठेवलंय की पहिली चित्रं मालकाला पसंत पडली नाहीत. आता हा बाल्योने म्हणजे काराव्हाज्जोचा पक्का दुश्मन, त्यांच्यात कोर्टकचेरी झालेली, त्यामुळे त्याचं किती मनावर घ्यायचं ते आपण ठरवायचं. पण कारण काहीही असो, दुसऱ्या वेळी त्याने कॅनव्हास घेतला आणि एकेक माणूस चित्रातून काढत गेला. येशूलाही काढलं! तिशीच्या पोराने चर्चमधल्या चित्रातून देवालाच बाहेर काढायचं, याला काय म्हणायचं?

मला वाटतं त्याने देवाला बाहेर काढलं नाही, आपल्याला बाहेर ठेवलं. म्हणजे असं बघा. पहिल्या चित्रात पौलाला जे दिसलं ते आपल्यालाही दिसतं, फुकटात. दुसऱ्यात पौलाला काय दिसतंय ते फक्त पौलाला माहीत, त्याचे डोळे मिटलेत, आपण त्या मोतद्दाराच्या बाजूला उभे. आपल्याला दिसतंय काय तर एक माणूस घोड्यावरून पडला.

आणि बायबल पण हेच सांगतं, फक्त ते आपण नीट वाचत नाही. पौलाबरोबर जी माणसं होती त्यांचं काय झालं? नवव्या अध्यायात लिहिलंय की त्यांनी आवाज ऐकला पण कुणी दिसलं नाही. पुढे बाविसाव्या अध्यायात पौल स्वतः तीच हकीकत सांगतो तर म्हणतो की माझ्या बरोबरच्यांना प्रकाश दिसला पण बोलणाऱ्याचा आवाज ऐकू आला नाही. एका ठिकाणी ऐकलं पण दिसलं नाही, दुसऱ्या ठिकाणी दिसलं पण ऐकलं नाही. विद्वान लोक यावर बरंच काही सांगतात, ते सांगोत. मला तर हे अगदी खरं वाटतं. कुठल्याही अपघाताचे दोन साक्षीदार पकडून विचारा.

ब्र्यूगेल नावाच्या चित्रकाराने १५६७ मध्ये हेच दृश्य रंगवलंय, ते व्हिएन्नाला आहे, मी फक्त स्क्रीनवर बघितलंय. त्याने तर कमालच केलीय. उंच डोंगर, खिंडीतून वर चढणारं अख्खं सैन्य, पुढे घोडेस्वारांच्या पाठी आणि पुन्हा घोड्यांचे पार्श्वभाग, आणि पौल? शोधावा लागतो. मधे कुठेतरी लांब, गर्दीत, झाडांपाशी एक छोटासा माणूस पडलाय. आजूबाजूचे चारदोन जण वळून बघतायत, बाकीचे चाललेत. विरार लोकलमध्ये कुणाला चक्कर आली तर डब्याच्या दुसऱ्या टोकाला काय कळतं? तसंच.

आणि काराव्हाज्जोने स्वतः याच्या जरा आधी, १५९९-१६०० मध्ये, मत्तयाचं बोलावणं रंगवलं ते पण तसंच. ते रोममध्येच सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये आहे. जकातवाला मत्तय टेबलावर पैसे मोजत बसलाय, सोबत भपकेबाज कपड्यांतली पोरं, उजवीकडून येशू आत आलाय आणि त्याने हात लांब केलाय. बोटं सैल, हुकूम सोडल्यासारखी अजिबात नाहीत. डोक्यावर खिडकी आहे पण उजेड तिच्यातून येत नाही, तो येशूच्या मागून, वरून येतो. मधला दाढीवाला स्वतःकडे बोट करून विचारतोय, मी? आपण सगळे धरून चालतो की हाच मत्तय. पण टेबलाच्या अगदी टोकाला एक तरुण मुलगा मान खाली घालून नाणी मोजतोय, आणि काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की मत्तय तो आहे, दाढीवाला त्याच्याकडे बोट करून विचारतोय, हा? हे वाचल्यापासून मला ते चित्र पूर्वीसारखं बघताच येत नाही. कारण तसं असेल तर त्याने अजून वर बघितलेलंच नाही. पुढच्या सेकंदाला बघेल. परिवर्तनाच्या एक सेकंद आधीचं परिवर्तनाचं चित्र.

लोकांना असं वाटतं की एवढं रंगवणारा माणूस स्वतः तरी बदलला असेल. कुठला. १६०६ मध्ये मारामारीत एकाचा जीव घेतला, रोममधून पळाला, नेपल्स, माल्टा, सिसिली, पुन्हा नेपल्स, आणि १६१० मध्ये अडतिसाव्या वर्षी वाटेतच मेला. यातून काय निष्कर्ष काढायचा ते मला कळत नाही म्हणून काढत नाही.

आपल्याकडे बघायचं तर मला रेव्हरंड टिळकांची गोष्ट आठवते. नारायण वामन टिळक, कवी, कोकणातले चित्पावन ब्राह्मण. त्यांचा दमास्कसचा रस्ता म्हणजे रेल्वेचा डबा. राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ती वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले, आणि पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आता हे कसं रंगवाल? एक माणूस खिडकीपाशी पुस्तक वाचतोय. समोरचा डुलक्या घेतोय, कुणी दशम्या सोडतोय. आणि त्यांच्या पत्नी, ज्या लक्ष्मीबाईंवर या सगळ्याचा डोंगर कोसळला त्या तर त्या डब्यात नव्हत्याच. मला कधी वाटतं की ते चित्र करायचं तर लक्ष्मीबाईंचंच करावं, घरात काम करतायत, अजून काही माहीत नाही.

तर डिसेंबर संपला तरी प्लाय पांढरीच. मी काराव्हाज्जोची कॉपी करायला घेतली, म्हटलं निदान वाईट तरी दिसणार नाही. ब्लॅक आणि बर्न्ट अंबर मिसळून आधी सगळी प्लाय काळपट तपकिरी करून टाकली, तो पण असाच गडद अस्तरावर काम करायचा, कागदावरची स्केचं त्याची एकही सापडलेली नाही, ब्रशच्या दांड्याने ओल्या अस्तरात चार रेघा ओढायचा आणि सुरू. मी पण खिळ्याने ओढल्या. घोडा तीन दिवसांत झाला, चक्क बरा झाला. पौलाचे हात जमले. अडलं ते मोतद्दारापाशी. त्याचा चेहरा कॉपी करायला गेलो की तो इटालियन म्हातारा माझ्या प्लायवर पाहुण्यासारखा वाटायचा.

तेव्हा चित्रकार आंजेलो द फोन्सेकांची आठवण झाली. गोव्याच्या सांतेस्तेव्हचे, जन्म १९०२, जे. जे. मध्ये शिकले, मग शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोरांकडे. परत येऊन त्यांनी चित्रात येशूच्या आईला, मारियाला, साडी नेसवली, सावळी केली, तर गोव्यातल्या लोकांना ते सोसलं नाही. मग ते पुण्याला आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिले, १९६७ मध्ये पुण्यातच वारले. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्यांची चित्रं बघितलीयत मी, जलरंग, शांत. त्यांच्या चित्रात कुणी वर डोळे करून तोंड उघडत नाही. मारिया बसलीय तर आपली बसलीय, घरच्यासारखी. ते आठवलं आणि म्हटलं, मोतद्दार आपलाच करू ना, वसईचा. पण वसईचा कोण?

आता इथे बाबांचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा आणि थोरले काका अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण बावखल, म्हणजे वाडीतलं पाण्याचं तळं. आमच्या वाडीतलं बावखल दोघांच्या सामाईक मालकीचं, काकांना ते बुजवून जागा बिल्डरला द्यायची होती, बाबा म्हणाले पाणी बुजवणारा मी नाही. कोर्ट, तारखा, वकील, सगळं झालं. रविवारी मिस्साला दोघे एकाच देवळात, हे डाव्या बाकांवर, ते उजव्या. शांतीची खूण द्यायची वेळ आली की बाबा वळून मागच्यांना, पुढच्यांना, अगदी बालवाडीतल्या पोरांना हात द्यायचे, उजवीकडे मात्र मान वळायची नाही. फादर बदलले, तीन फादर बदलले, प्रत्येकाने समजावलं. नाही म्हणजे नाही.

ईस्टरच्या आधीच्या एका उपवासकाळात, शुक्रवार होता, कारण घरी मटण नव्हतं, दुपारी चारच्या सुमाराला बाबा म्हणाले, स्कूटर काढ. कुठे जायचं विचारलं तर चल म्हणाले. हातात केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे राजेळी केळी, घरीच वाळवलेली. काकांच्या फाटकापाशी म्हणाले, थांब इथे. आत गेले.

मी स्कूटर बंदसुद्धा केली नाही. कारण ती बंद केली की चालू व्हायला दहा किका लागायच्या आणि माझी पाच वाजता एका उद्घाटनाच्या बॅनरची डिलिव्हरी होती, गिऱ्हाईकाचे फोनवर फोन येत होते. मी स्कूटर रेझ करत, आरशात बघत, फोनवर "निघालोच, निघालोच" असं खोटं बोलत उभा. पेट्रोलचा काटा लालवर आलेला तो बघत होतो. सात-आठ मिनिटांनी बाबा आले, मागे बसले, म्हणाले चल. हात मोकळे. मी विचारलं पण नाही. वाटेत पंपावर थांबलो, उशीर झाला म्हणून चिडचिड केली ती त्यांच्यावरच.

पुढच्या रविवारी बाबा उजव्या बाकांवर जाऊन बसले.

तिथे मी होतो हो. बारा पावलांवर होतो. बाबा फाटकातून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता? आठवत नाही, कारण मी बघितलाच नाही. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. मयतीला पेटीला पहिला खांदा काकांचा होता. नंतर एकदा काकांना मी विचारलं, त्या दिवशी बाबा आत येऊन काय बोलले? काकांनी जरा आठवल्यासारखं केलं. म्हणाले, "काय बोलणार. म्हणाला, यंदा राजेळी बरी आली." बावखल अजून आहे. गढूळ आहे, पण आहे.

रेम्ब्रँटचं उधळ्या पुत्राचं चित्र आहे ना, बायबलातल्या गोष्टीतला घर सोडून गेलेला आणि बापाकडे परत आलेला मुलगा, रेम्ब्रँटच्या शेवटच्या दिवसांतलं, साधारण १६६८ चं, सेंट पीटर्सबर्गला असलेलं, त्यात पण सगळे मुलाच्या फाटक्या चपलेविषयी आणि बापाच्या दोन हातांविषयी लिहितात, आणि लिहावंच, त्या मुलाच्या तळव्यावरची घाण बघून कुणालाही भरून येईल. मी अलीकडे उजवीकडच्या थोरल्या भावाला बघत असतो. उंच, ताठ, हात एकावर एक ठेवून उभा. सगळं बघतोय आणि काही पोचत नाहीये.

तर मोतद्दाराचा चेहरा मी बाथरूममधल्या आरशात बघून काढला. माझं कपाळ आता बऱ्यापैकी मागे गेलेलंच आहे, आठ्या आहेत, मॉडेलचे पैसे वाचले. अंगात हाफ शर्ट दिला, खाली चट्टेरीपट्टेरी लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय उघडे. नजर खाली लगामाकडे. फादर बघायला आले तेव्हा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, येशू कुठे आहे रे? मी म्हटलं फादर, बायबलात तरी बरोबरच्यांना कुठे दिसला. ते हसले. म्हणाले, बरं, पण लुंगी? मग स्वतःच म्हणाले, राहू दे.

चित्र रंगवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली ती इथेच सांगून टाकतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शौल पहिल्यांदा येतो तो सातव्या अध्यायाच्या शेवटी. स्तेफनाला दगडांनी ठार मारतायत, आणि मारणाऱ्यांनी आपापले अंगरखे काढून एका तरुणाच्या पायाशी ठेवलेत, त्याचं नाव शौल. तो दगड मारत नाही. तो कपडे सांभाळतो. स्तेफनाला वर आकाश उघडलेलं दिसतंय आणि हा बाजूला उभा राहून कपड्यांवर लक्ष ठेवून आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी यरुशलेमात तो ते स्वतःच्या तोंडाने सांगतो, मी तिथे उभा होतो, कपडे राखत होतो. म्हणजे तोही आधी घोडा धरणाराच की! हे मी किती वेळा ऐकलं असेन, देवळात, वाचनात, आणि कधी टोचलं नव्हतं.

नाटक झालं. पौल झालेल्या मुलाने असं काही अंग टाकलं की त्याची आई पुढच्या रांगेतून उठून उभीच राहिली. मंडपवाल्याकडून आणलेला हॅलोजन ऐन प्रकाशाच्या वेळी लागलाच नाही, मग कुणीतरी ट्यूबलाइट चालू केली. पुठ्ठ्याचा घोडा धरायला चौथीतला एक बारका मुलगा होता, त्याला एकही वाक्य नव्हतं, आवाज वगैरे सगळं चालू असताना तो घोड्याचं निघालेलं शेपूट परत चिकटवत होता, जीभ बाहेर काढून, पूर्ण एकाग्र. मी टाळ्या त्याच्यासाठी वाजवल्या.

प्लाय आता हॉलच्या मागच्या खोलीत ठेवलीय. लग्नाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या तिच्यापुढे थप्पी लावून रचल्यात, परवा मंडळाचा माइक शोधायला गेलो तेव्हा बघितलं, पौल पूर्ण झाकला गेलाय. खुर्च्यांच्या बाजूने घोड्याचा पार्श्वभाग दिसतो, आणि पायांच्या मधून माझे दोन पाय.